रात्रभर चालणारे पाय

दुसरी मुलगी झाली त्या वर्षी माझी झोप गेली. आडवी झाले की पोटऱ्यांत किडे सरपटल्यासारखं व्हायचं. उठून चाललं की थांबायचं. म्हणून मी रात्रभर अंगणात चालायचे. पांढुर्ण्याच्या आमच्या मोहल्ल्याला एवढं पुरलं. बाई रात्री फिरते म्हणजे एक तर तिला भूत लागलं, नाहीतर ती कोणाला भेटायला जाते. तिसरा विचार करण्याइतकी अक्कल तिथे कोणाला नव्हती.

आम्ही बौद्ध. घराने देव सोडून तीसेक वर्षं झाली होती. तरी सासूने मला मोहगावच्या भगताकडे नेलं, तेही तोंडावर पदर ओढून, समाजातल्या कोणी पाहू नये म्हणून. त्याने पायाला काळा दोरा बांधला. रात्री मी दोऱ्यासकट चालले.

मग नवऱ्याने बाजारातल्या डॉक्टरकडून झोपेच्या गोळ्या आणल्या. त्या खाऊन रात्री पाय तसेच, आणि दिवसा गुंगी. एका दुपारी चुलीपुढे पाजता पाजता माझा डोळा लागला आणि पोर मांडीवरून घरंगळली. तिच्या हाताला निखारा लागला.

नवरा म्हणाला, "इले माहेरी धाडतो. पोरी इथंच राहतीन."

आगगाडी उशाशी धडधडली तरी घोरत पडणारा माणूस मला झोपेवरून हाकलत होता.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन सौंसरच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईने पोरीचा हात पाहिला, माझ्या पायांचं आणि झोपेच्या गोळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझी पापणी खाली ओढून पाहिली.

"पोटुशी होती तवा लाल गोळ्या खाल्ल्या का?"

"सासूनं उकिरड्यावर फेकल्या. लोहाच्या गोळीनं पोर काळं होते म्हणे."

"मंग गोरी झाली का?"

मी फडकं बाजूला केलं. "बापावर गेली."

ती हसली. "अंगात रक्त नाही तुझ्या, म्हणून पाय वळवळून राहिले. ह्या गोळ्या तीन महिने खा. जेवणावर चहा नको घेऊ. झोपेच्या गोळ्या बंद."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "तीन महिने थांबा. नाही झोपली तर जातो मी, पण पोरी घेऊन." गोळ्या कमरेला खोचून ठेवल्या. सासूच्या हाताचा भरवसा नव्हता.

दीड महिन्याने पाय शांत झाले. माहेरचा विषय नवऱ्याने सोडून दिला; चूक मात्र कबूल केली नाही. एका पहाटे सासूचा आवाज कानावर आला, "पोर रडून राहिली अन् ही महाराणी उठत नाही."

मी ऐकलं आणि कूस बदलली.