किल्लीवाल्या, तू कुठं होतास?

कपड्यांच्या कारखान्याला आग लागली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. म्हाताऱ्या वॉचमनला वाटत होतं, ते प्रकरण आता आपल्याबरोबरच संपणार. बायको धडधाकट होती, मुलगा कमावता होता, सून मायेची होती. गुडघे सोडले तर तक्रारीला जागा नव्हती. मग त्या आगीवर सिनेमा आला.

सिनेमा त्यानं पाहिला नाही. पण गाण्याला तिकीट लागत नाही, ते आपल्या पायानं घरात येतं. संथ चालीचं, आगीची गोष्ट पहिल्यापासून सांगणारं गाणं. तिसरा मजला, चौदा बायका, मागचं बंद दार. आणि दर कडव्याच्या शेवटी एकच ओळ, ‘किल्लीवाल्या, सांग रे, तू कुठं होतास?’ महिन्याभरात ते न्हाव्याच्या दुकानात वाजू लागलं, बसमध्ये वाजू लागलं. चाल गोड होती ना! एका दुपारी सून भांडी घासताना गुणगुणत होती, तर हा एकदम खेकसला, “बंद कर ते!”

“अहो, गाणंच म्हणतेय ती, शिव्या नाही देत,” बायको म्हणाली.

तो काय सांगणार? कापड चोरीला जाऊ नये म्हणून मॅनेजर मागच्या दाराला कुलूप घालायला लावायचा आणि किल्ली असायची याच्याकडे. आग लागली तेव्हा तो रस्त्यापलीकडे चहा पीत होता. धूर दिसताच धावला, मागचा जिना चढला, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलाही. वरून दारावर हात आपटल्याचे आवाज येत होते. धुरानं त्याचा श्वास कोंडला आणि तो मागे फिरला. चौकशीत मॅनेजरनं पढवलं तसं त्यानं सांगितलं, “दार उघडंच होतं साहेब, बायकांची चेंगराचेंगरी झाली.” कागदोपत्री तेच खरं ठरलं.

मग हे गाणं लिहिणाऱ्याला कळलं कुठून? या एका प्रश्नानं त्याची अन्नावरची वासना उडाली. शेवटी गीतकार एका शाळेत शिकवतो असं कळल्यावर तो तिथं जाऊन धडकला. चाळिशीचा, चष्मा लावलेला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“किल्लीवाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही, काका.” गीतकार हसला. “चौकशीत तर दार उघडं होतं म्हणतात. पण गाण्यात ‘सुरक्षाव्यवस्थेतील त्रुटी’ कशी बसवणार? दोष द्यायला एक माणूस हवा होता, तो मी मनानं रचला.”

तिथून उठून घरी गेला असता तर सुटला होता. कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसून त्याच विषयावर बोलत होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, “चहा प्यायला गेलो होतो मी.”

गीतकाराचं हसू विरलं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “मला सांगून काय उपयोग, काका? माझं कुणी गेलं नाही त्यात.”

दुसऱ्या दिवशी वॉचमन कटिंग मास्तरकडे गेला. दोघं एकाच कारखान्यातले. मास्तरची बायको बटणं लावायची. ती त्या चौदांतली एक. मास्तरनं सगळं उभ्यानंच ऐकलं.

“आवाज ऐकू येत होते?”

“येत होते.”

“तिचा?”

“कसं ओळखणार, मास्तर? सगळ्याच ओरडत होत्या.”

वॉचमनला वाटलं, आता हा आपल्याला मारणार. त्यानं मार खायची तयारीही केली होती. मास्तरनं चपला घातल्या. “चल. बाकीच्यांनाही सांग.”

आठवडाभर दोघं दारोदार फिरले. बरीच घरं बदलली होती, काही माणसं उरली नव्हती. नऊ घरं सापडली. प्रत्येक ठिकाणी मास्तर नुसता शेजारी उभा राहायचा आणि वॉचमन बोलायचा. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं आल्या आल्या सवयीनं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. लेकीचं ऐकून झाल्यावर तिनं तो पेला त्याच्या हातून काढून घेतला, पाणी मोरीत ओतलं आणि तिथंच पाठ फिरवून उभी राहिली.

सरकारी कचेरीतही तो लेखी देऊन आला. मॅनेजर केव्हाच वारला होता, कारखान्याच्या जागी दुकानं झाली होती. कारकुनानं अर्ज ठेवून घेतला, तेवढंच.

घरी मुलानं बोलणं टाकलं. सून ताट वाढून आत निघून जाऊ लागली. बायको मात्र रोज समोर येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, “इतकी वर्षं मलाही नाही सांगितलंत?”

“तू राहिली नसतीस.”

“नसतेच राहिले,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.