वनस्पतीचा डबा

ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर माफी असावी. माझे अक्षरही सांडलेल्या तेलासारखे रेघ सोडून पसरते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागितली की मला बरे वाटते.

आम्ही तेव्हा देऊळगाव राजाला राहत होतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, चढ चढले की त्यांच्या छातीत धरायचे. डॉक्टर म्हणाले, "जनावराचं तूप, लोणी बंद. वनस्पतीचं तेल खा, तेही बेतानं."

मामाजींनी त्यातला एकच शब्द घरी आणला, आणि त्याच नावाचा पत्र्याचा मोठा डबाही आणला. डब्यावर ठळक छापले होते: वनस्पती. शेजारी हिरवे पान. मग ते वरणावर, भाकरीवर, चक्क गुळावरही तो पांढरा गोळा घेऊ लागले.

"डॉक्टरनं सांगतलेलं औषध आहे, काऊन कमी घेऊ?"

सासूबाई म्हणाल्या, "औषध चमच्यानं घेतात, पळीनं नाही."

थोड्याच दिवसांत ते ओट्याची पायरी चढतानाही थांबू लागले. सासूबाईंनी मला त्यांच्यासोबत पुन्हा डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, ते झाडाचंच तेल, पण कारखान्यात घट्ट केलेलं! हृदयाच्या नळ्यांना तुपाइतकंच वाईट. थंडीत गोठतं ते टाळा. करडईचं वाहतं, ते थोडं वापरा. नाहीतर पुढच्या खेपेला तुम्हाला उचलून आणावं लागेल."

मामाजींचा विश्वास बसेना. पौषातली थंडी होती. संध्याकाळी त्यांनी अंगणात वाट्या मांडल्या: साजूक तूप, वनस्पती, शेंगदाण्याचे, सरकीचे, करडईचे तेल. शेजारणींनीही आपापल्या वाट्या आणून ठेवल्या, जणू हळदीकुंकू होते. सकाळी मामाजी एकेक वाटी उलटी करून निकाल सांगू लागले. तूप, वनस्पती नापास. करडई पास, पण त्यांच्या धोतरावर. शेंगदाण्याचे जरासे गढुळले होते, त्याला वरच्या वर्गात घालावे की नाही यावर गल्लीत भांडण झाले. शेवटी कुणीतरी आणलेले खोबरेल निघाले, ते दगडासारखे. मामाजींनी डोक्याला तेल लावणेही त्याच क्षणी बंद केले.

"टाळूतून छातीत उतरत असंन."

"टाळूत हाय काय उतरायले?" सासूबाई म्हणाल्या.

निकाल लागला, तरी जेवताना पांढरा गोळा ताटात होताच. "डब्याचे पैसे देलेत. फेकू काय? हा सरू दे, मग करडई." डबा अजून अर्धा भरलेला होता. सासूबाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. पैसे परत आले तरच ते थांबणार होते, आणि डबा परत न्यायची त्यांना स्वतःला लाज वाटत होती; गावभर त्यांनीच त्याचे गुण गायले होते.

शेवटी मी गेले. तोवर दुकानात मी बोटानेच वस्तू दाखवत असे.

"अर्धा खाया हुआ डब्बा वापस?" दुकानदार चाचा म्हणाले. "बेटी, ऐसा कहीं होता क्या?"

मी डब्याशेजारी घरून आणलेल्या दोन वाट्या ठेवल्या, एक वनस्पतीची, एक करडईची. गिऱ्हाइके वाकून पाहू लागली.

"काय हो बाई हे?"

"हे गोठते," मी म्हणाले. "हे गोठत नाही. गोठते ते छातीत धरते." आवाज फारच मोठा निघाला. एकाने विकत घ्यायला उचललेला वनस्पतीचा डबा हळूच खाली ठेवला. दुसऱ्याने करडईचे तेल मागितले. तिसऱ्याने वाटीत बोट घालून खात्री केली आणि तेच बोट चाचांसमोर धरले.

चाचांनी गल्ला ओढला. "ले बेटी, पूरे पैसे ले! पर ये कटोरियां उठा!"

मी घरी परतले तेव्हा मामाजी ताटावरच होते.

"खाल्लं त्याचे बी देले?"

"हो," मी म्हणाले. त्यांच्यासमोर मोठ्याने उच्चारलेला माझा तो पहिला शब्द.

त्यांनी पैसे मोजले, मग पुन्हा मोजले. एक पैसाही कमी भरला नाही, म्हणून नाइलाजाने त्यांना तो पांढरा गोळा ताटाबाहेर काढावा लागला.