छत्रीवाला माणूस अन उजवीकडचे पक्षी

ये वं माय, कागदावर का होईना, जराशी जवळ सरक. आधी तुले बोलूनच घेते. रोज फोन करते तू, नाही कोण म्हणते? पण "जेवली का, गोळी घेतली का, बरं ठेवते", एवढ्यात आई आटपते होय? दिवाळीले आली तं दोन दिवसांत परत. टीव्हीले गेमचा नवा डबा लावून दिला, रिमोट माझ्या हातात ठेवला अन बॅग उचलली. आता सांगते. आजकाल लवकर थकते, म्हणून थांबत थांबत सांगीन.

तू सहावीत होती तेव्हा तुझ्या बाबानं वाशिमच्या बाजारात सांबाराच्या, तुमच्या शहरातल्या कोथिंबिरीच्या, जुड्या विकून येतांनी व्हिडिओ गेमचा पहिला डबा आणला. आणला तुझ्यासाठी, पण खरं सांगू, तू शाळेत गेली की मीच खेळे. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, खटकन बसवायची, पिवळी पिन हलवत राह्यची, मंग कुठी चित्र येई. कॅसेटवर शेकडो गेम लिहिलेले अन आत तेच ते चार फिरून फिरून. पण काही गेम सुरू होतांनी आधी एक छोटंसं चिन्ह चमके. ते एका जपानी कंपनीचं आहे, हे तूच कुठून तरी शिकून आली. मले इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ते चिन्ह मी लांबून ओळखे. ते दिसलं की गेम चांगला. तू तसल्या कॅसेटीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देत होती. एकात छत्री घेऊन उड्या मारणारा माणूस, एकात नदीतली होडी, अन एकात बर्फाचा डोंगर, दोघांनी मिळून चढायचा.

बाकीच्या गेमात कधी काय अंगावर येईन त्याचा नेम नव्हता. ह्या कंपनीवाला आधी दाखवे, मंग मारे. पुलावर पक्षी येणार तं पडद्याच्या काठाले आधी त्याची चोच दिसे. तेवढ्यात छत्री उघडली तं वाचला, नाही तं चूक तुमची. बेइमानी नाही. म्हणून मले तो आवडे. मेली तरी राग नाही येत होता, पुन्हा खेळावं वाटे.

अन आपलं ते ओलित! मोटर चालू करून मेथीच्या वाफ्यात पाणी सोडायचं अन घरात येऊन छत्रीवाल्याची एक स्टेज खेळायची. स्टेज संपेस्तोवर वाफा बरोबर भरे. मंग तू पळत जाऊन माती ओढायची, पाणी पुढच्या वाफ्यात लावायची. घड्याळ पाह्यचं कामच नाही. महिनाभर असं चाललं, बाबाले पत्ता नाही. मंग एक दिवस तुले हुक्की आली, बर्फाचा डोंगर लावू म्हणे. तो डोंगर काही सरेना. एक घसरला की दुसऱ्यानं त्याले ओढायचं, अन आपण दोघी इतक्या हसून राह्यलो होतो की वाफा आठवलाच नाही. बाहेर आली तं अर्धी मेथी पाण्याखाली आडवी, अन दुसऱ्या दिवशी शेलूबाजारचा बाजार.

तुझा बाबा बांधावर उभा. म्हणे, "काय वं, माणूस तरी वाचला का तुमचा?"

"नाही बाबा, तोही गेला," तू म्हणाली.

मले वाटलं आता डबा विहिरीत जाते. त्यानं कपाळाले हात लावला, मंग तोच हसत सुटला. "आजपासून ओलिताले फक्त छत्रीवाला," म्हणे. "डोंगर चढायचा असन तं मोटर बंद करून चढा."

मंग तू शिकायले गेली, नोकरीले लागली. तो डबा बिघडला, जाडा टीव्हीही गेला. मले सवय सुटली असं वाटत होतं. अन तू ह्या दिवाळीले तो तळहाताएवढा डबा आणला, त्यात त्याच कंपनीचे सारे जुने गेम. ते चिन्ह चमकलं अन मी लांबूनच ओळखलं. तू गेल्यावर रोज दुपारी खेळाले बसली. पण छत्रीवाला पहिल्याच पुलावर मरे. रोज. तिथून तं मी पोळ्या लाटता लाटता जात होती!

म्हणून मी तुले फोन केला. आठवते? म्हटलं, "तुह्या नव्या डब्यात पक्षी वाढवले वाट्टे. चोच न दाखवता येतात."

तू हसली. "आई, तोच गेम आहे. एक ठिपकाही बदलला नाही."

फोन ठेवला. गेम तोच आहे तं चोचही दाखवतच असन. मंग मले काहून दिसत नाही? टीव्हीच्या उजवीकडं भिंतीवर कॅलेंडर आहे. नजर टीव्हीवर ठेवून एक डोळा झाकला, मंग दुसरा. कॅलेंडर काही दिसेना. मान वळवली तं होतं जागच्या जागी.

अकोल्याले डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं सांगतलं, "आजी, काचबिंदू आहे. ह्याच्यात नजर काठाकाठानं जाते. गेली ती परत येत नाही, राहिलेली थेंबांनी सांभाळू. लोकांना लवकर समजत नाही, तुम्हाला कसं समजलं?"

मी तोंड उघडायच्या आधी तुझा बाबा बोलला, "तिले पाखरं मारून राह्यले होते, डाक्टर."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला अन आधी बाबाचेच डोळे निरखले.

तुले मी सांगतलं, चष्म्याचा नंबर बदलला. खोटं बोलली. तू नोकरी सोडून धावत येशीन अन रडत बसशीन, ते मले नको होतं. सकाळ-संध्याकाळ बाबा थेंब टाकते, अर्धे गालावर. बांधावरून चालतांनी पाय चुकते, दोनदा पडली. दिवसभर मान इकडून तिकडं फिरवत राहा, त्यानंच जीव थकून जाते. डॉक्टरले इचारलं, मधलं दिसणं किती दिवस राहीन? थेंब चुकवू नका, एवढंच म्हणे.

खेळणं सोडलं नाही मी. बाबाले बाजूले बसवते, उजवीकडून काय येते ते सांगा म्हणते. तो पक्षी डोक्यात बसल्यावर ओरडते, "आला, आला!" अन मंग मलेच म्हणते, "तुह्यानं होत नाही वं आता." त्याच्यावर काय रागवू? त्याले चोच म्हणजे काय तेच समजत नाही.

तुले समजते. पडद्याचा मधला भाग मले अजून सारा दिसते, रंगही दिसतात, तुझं तोंडही दिसते. म्हणून म्हणते, दोन दिवसांसाठी नको येऊ. आठ-दहा दिवसांची रजा मिळते का पाह्य, अन लवकर येजो माय. माझ्या उजव्या हाताले बस, काठाले काय आलं ते मले सांग. बाकीचं मधलं मी पाह्यते.