फोटोखालचं नाव

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझी शुगरची गोळी कोणती, मी कोणत्या मास्तरावर मनातून जळतो, झोपेत काय बडबडतो — तिला सगळं ठाऊक आहे. एवढं एक सोडून. तुमची माझी ओळख नाही, म्हणून आज धीर करतोय. तरी बघा, मुद्द्यावर यायचं सोडून मी गोळ्यांचं सांगत बसलो.

तर — मी मुखेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नांदेड जिल्ह्यातले शिक्षक मला ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण शाळेत पहिल्यांदा दहा कॉम्प्युटर आले तेव्हा मला त्यांची किती भीती वाटायची, हे त्यांना कुठं माहीत आहे? विज्ञानाचा शिक्षक म्हणून मुख्याध्यापकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. पहिले चार महिने मी ती खोली उघडायचो, पोरांकडून धूळ पुसून घ्यायचो आणि पुन्हा कुलूप लावायचो. वर म्हणायचो, लाईटचा भरवसा नाही, मशिनी जळतील. खरं म्हणजे माऊसवर माझा हात थरथरायचा — आणि चाळीस पोरांसमोर मास्तराचा हात थरथरला, तर मग राहिलं काय?

ती भीती घालवली आठवीतल्या रेणुकानं. पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. तिच्या मामाचं नांदेडला इंटरनेटचं दुकान होतं, सुट्टीत तिथं बसून ती सगळं शिकलेली. मी अडलो की पाणी प्यायला उठल्यासारखी ती उठायची, माझ्या मागून जाताना हळूच म्हणायची, ‘‘सर, उजवं बटन.’’ बाकीच्यांना कळूही द्यायची नाही. तेरा वर्षांच्या पोरीला एवढी समज कुठून येते? मला तर पन्नाशी उलटली तरी आलेली नाही.

मग नांदेडला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. वर्गात मुलांना इंटरनेटवर शोध कसा घ्यायला लावायचा, हा विषय. एका ठिकाणी दिसलं म्हणून खरं मानायचं नाही. कोणी लिहिलंय ते बघायचं. दुसरीकडं पडताळायचं. आणि चूक सापडली तर गप्प बसायचं नाही, पुरावा देऊन कळवायचं. मला ते फार आवडलं, वहीभर टिपणं घेऊन मी परत आलो. आता पोरांना पहिला विषय कोणता द्यावा?

मी दिला — भूकंप. दुसरा कोणता देणार होतो? त्या विषयात तर मी शाळेचा हिरो होतो.

दर तीस सप्टेंबरला परिपाठात मी ती गोष्ट सांगायचो. त्र्याण्णव साली मी लातूरला बारावीला होतो. त्या पहाटे जमीन हलली, आणि सकाळी मिळेल त्या टेम्पोत चढून मी किल्लारीकडं गेलो. एका गावात ढिगाऱ्याखालून बारीक रडण्याचा आवाज आला. नखं तुटेपर्यंत मी दगडमाती उपसली. चार वर्षांची पोर निघाली — जिवंत. तिच्या मुठीत आदल्या दिवशीच्या विसर्जनाच्या प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा होता. इथं आलो की मी थांबायचो. सगळं मैदान चिडीचूप व्हायचं. शिक्षिका पदर डोळ्यांना लावायच्या.

तर त्या तासाला रेणुका ओरडली, ‘‘सर, तुमचा फोटू सापडला की ओ!’’

मी गेलो. भूकंपाच्या आठवणी जमा करणारी कोणाची तरी साईट होती. काळापांढरा फोटो. पडलेल्या घरांमधून एक तरुण चाललेला, पाठ आपल्याकडं, अंगात उभ्या पट्ट्यांचा शर्ट, आणि खांद्यावरून मागं बघणारी लहान मुलगी. तिची मूठ आवळलेली. खाली छापलं होतं — ढिगाऱ्यातून काढलेल्या मुलीला घेऊन जाताना देवणीचा विद्यार्थी महादेव.

‘‘गोष्ट तुमचीच हाय सर,’’ रेणुका रागानं म्हणाली, ‘‘अन् नाव दुसऱ्याचंच टाकलंय!’’

तिला शंका आली नव्हती, हे लक्षात घ्या. तिला माझ्यासाठी राग आला होता.

आता सांगतो. सांगायलाच बसलोय ना? महादेव माझा खोलीतला सोबती. तेव्हा लातूरच्या गल्लीगल्लीत क्लास निघत होते, आसपासच्या तालुक्यांतनं पोरं डॉक्टर व्हायला येत होती, तसे आम्हीही आलेलो. भूकंपानंतर खोल्यांना तडे गेले, मालक कोणाला आत जाऊ देईना. मी पळताना खुंटीवरचा शर्ट ओढून घेतला होता, महादेव नुसत्या बनियनवर. सकाळी टेम्पोत आम्ही दोघंही चढलो, हे खरं आहे. पण औशाच्या चौकात टेम्पो थांबला. समोरून ट्रॅक्टर, जीपगाड्या येत होत्या — लातूरच्या दवाखान्याकडं. एका ट्रॉलीत माणसं होती. चादरीखाली. एक हात बाहेर लोंबत होता, त्यात हिरव्या बांगड्या. मी खाली उतरलो. लघवीला जातो म्हणालो. आणि परत चढलो नाही.

महादेवनं हाका मारल्या. मग त्याला कळलं असावं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘तुझा शर्ट तरी दे, ऊन लई हाय.’’ मी शर्ट काढून दिला आणि नुसत्या बनियनवर लातूरला परतलो. वाटेत कोणी विचारलं तर सांगायचो, मदत करून येतोय.

तो आठ दिवसांनी आला. पोरीचं, मुठीतल्या खोबऱ्याचं त्यानं मला एकदाच सांगितलं, भिंतीकडं तोंड करून. त्याचं लक्ष परत अभ्यासात लागलंच नाही. बारावीला नापास झाला, देवणीला गेला, शेती बघू लागला. मी पास झालो. बी.एस्सी., बी.एड. — आणि मुखेड.

पहिल्या वर्षी मी गोष्ट ‘माझा एक मित्र’ अशीच सांगितली होती. पण मागून एक पोरगं म्हणालं, ‘‘अन् सर, तुमी?’’ मी काय सांगणार होतो? औशाचं सांगणार होतो? मी म्हणालो, मीही होतोच की त्याच्याबरोबर. पुढच्या वर्षी मित्र गोष्टीतून निघून गेला. इतकं सोपं होतं ते. काही वर्षांनी महादेव काविळीनं गेल्याचं कळलं. मला वाईट वाटलं. आणि — हेही सांगून टाकतो — थोडं हलकंही वाटलं.

पुन्हा त्या वर्गात येतो. पोरं स्क्रीनभोवती जमलेली, सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. तेव्हा बोलता आलं असतं. नाव बरोबर आहे, पोरांनो, तुमचा मास्तर खोटा आहे — एवढंच तर म्हणायचं होतं! मी म्हणालो, ‘‘इंटरनेटवर अशा चुका असतातच. म्हणून तर पडताळायचं.’’

‘‘मग कळवू की सर,’’ रेणुका म्हणाली. ‘‘तुमीच शिकवलं ना, पुरावा द्यायचा.’’

मी त्या दिवशी वेळ मारून नेऊ शकलो असतो. नेट बंद पडलं म्हटलं असतं, तर कोणी काय केलं असतं? पण मी घरी गेलो, पेटीतून अकरावीच्या सहलीचा फोटो काढला. त्यात मी आहे, अंगात तोच उभ्या पट्ट्यांचा शर्ट. तो मी वर्गात नेला. चाळीस पोरांनी दोन्ही फोटो मोठे करून पट्ट्या मोजल्या, खिशाची शिवण ताडून बघितली. शर्ट एकच! पोरांनी कुठंही चूक केली नाही. मी शिकवलेलं त्यांनी अगदी तंतोतंत केलं. रेणुकानं मेल लिहिली. मी तिचं शुद्धलेखन तपासलं.

आठवड्याभरात उत्तर आलं. विद्यार्थ्यांचं कौतुक, चुकीबद्दल दिलगिरी. फोटोखाली माझं नाव आलं, शाळेचंही आलं. महादेवचं गेलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि तुम्हाला सांगतो — त्या दिवसापासून माऊसवर माझा हात कधी थरथरला नाही. तोच तास मी पुढं नांदेडला, भोकरला शिक्षकांसमोर आदर्श पाठ म्हणून करून दाखवला. जिल्ह्यातले मास्तर माझं बघून कॉम्प्युटरला हात लावायला लागले. रेणुकाला बक्षीस मिळालं. पुढं ती लातूरला क्लासला गेली, मेडिकलला तिचा नंबर लागला, चौकातल्या फ्लेक्सवर तिचा चेहरा झळकला. खरं कसं शोधायचं हे सरांनी शिकवलं, असं ती सत्कारात म्हणाली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. हार घेतला.

नाव आजही माझंच आहे. ते बदलायला काय करावं लागतं, हे जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? केलेलं नाही. आणि ते करायलाच हवं होतं, असा एक दिवस आला होता.

काही वर्षांपूर्वी दुपारच्या सुट्टीत फोन आला. मुलीचा आवाज, दबलेला. ‘‘सर, मी देवणीच्या महादेवची पोरगी बोलायलेय. लातूरला नर्सिंगला हाय.’’ शाळेतून माझा नंबर घेतला होता तिनं. वडील गेले तेव्हा ती रांगत होती, तिला ते आठवत नव्हते. घरात फोटोही लग्नातला एकच. पण भूकंपातल्या पोरीची गोष्ट आईनं तिला लहानपणापासून सांगितलेली, म्हणून ती नर्स व्हायला आली होती. मैत्रिणींना दाखवावं म्हणून तिनं इंटरनेटवर शोधलं, तर फोटो सापडला — आणि खाली माझं नाव. तो तिनं गावी आईला दाखवला.

‘‘आई म्हणती, पाठ त्यांचीच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘ती म्हणती, मी त्या पाठीला वळखणार न्हाई का? म्हणून इचारते सर. तुमी रागावू नका.’’

बायकोनं नवऱ्याची पाठ ओळखली होती. पंचवीस वर्षांपूर्वीचा, धुरकट फोटो, आणि बाईनं पाठ ओळखली. मी खुर्चीत बसलो होतो, स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. कोणी ऐकत नव्हतं. कोणाला घाबरलो मी?

मी म्हणालो, ‘‘तो शर्ट माझा आहे, बाळा. माझ्याकडं पुरावा आहे.’’

‘‘हाव का,’’ ती म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही.

‘‘मग आईचंच चुकलं असंल,’’ ती म्हणाली. ‘‘लई वर्षं झाली ना. मी सांगते तिला. तुमाला उगाच तरास दिला सर, माफ करा.’’

मी म्हणालो, ‘‘असू दे.’’