‘गेली’ म्हणजे कुठं गेली?

माझ्या बायकोच्या मामांइतकं मतदार यादीवर प्रेम करणारा माणूस तेल्हाऱ्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत शोधून सापडायचा नाही. लोक सकाळी पोथी वाचतात, मामाजी यादी वाचतात, तीही मोठ्यानं. लग्नात अक्षता पडतात न पडतात तोच नवरीला म्हणतात, “बाई, इथलं नाव काढ बरं आदी.” तेरवीच्या पंगतीला जाताना त्यांच्या खिशात नाव वगळायचा फॉर्म असतो. एका घरच्यांनी हाकललं, तर ओट्यावर बसून म्हणाले, “रडून घ्या तुमी. मी थांबतो.” कुणी चिडलंच तर उत्तर ठरलेलं: “मेलेला यादीत जिता राह्यला का त्याच्या नावानं दुसराच मत टाकून येते. मंग निवडून आलेल्याले जाब कोन इचारन?”

मी शाळामास्तर, यादीच्या कामावर नेमलेला. घरोघर जायचं, माणूस डोळ्यांनी पाहायचा, मग शेरा लिहायचा. उन्हाच्या कंटाळ्यानं मी अर्धी गल्ली चहाच्या टपरीवर बसूनच तपासली. फुलं विकणाऱ्या वत्सलाबाईंचं नाव आलं. टपरीवाला म्हणाला, “ते तं गेली ना मास्तर!” मी लिहिलं, ‘मयत’. बाई गेल्या होत्या अकोल्याला, लेकीच्या बाळंतपणाला.

मतदानाच्या दिवशी त्या केंद्रावरून परत फिरल्या. या गल्लीतली नावं मुद्दाम काढतात, असा बोभाटा झाला. पुढच्या ग्रामसभांना त्या गल्लीतलं एक माणूस फिरकलं नाही, आणि नळाची लाईन दुसरीकडं गेली. “मेलेल्याईले पानी कायले लागते?” बाई म्हणायच्या. मी सगळ्यांना सांगितलं, कम्प्युटरची चूक. मामाजी चष्मा पुसत एवढंच म्हणाले, “कम्प्युटर टपरीवर चा पेते काय, जवाईबापू?” तीन वर्षं मी गप्प राहिलो.

यंदा याद्या पुन्हा तपासायला आल्या, तेव्हा मामाजींना म्हणालो, “ते नाव मीच काढलं.” वाटच पाहत असल्यासारखे ते उठले. “मले सांगून काय फायदा? मेली ते हाये. चाला.”

वत्सलाबाई झेंडू ओवत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी सुईसुद्धा थांबवली नाही.

“म्हंजे सरकारनं नाई, तुमी मारलं मले?”

“हो.”

“मंग सोपं झालं. सरकारले कुठी शोधाले जाऊ? तुमी तं इथीच रायता. आना तो नाव चढवाचा फॉर्म.”

परवाच्या ग्रामसभेला त्या आल्या, गल्लीतल्या बायांना घेऊन. हजेरीच्या वहीत त्यांनी दोघींची जागा अडवून पूर्ण नाव लिहिलं. मामाजी वाकून बघत राहिले, मग दबल्या आवाजात मला म्हणाले, “एवढं मोठं नाव तुमाले दिसलं कसं नाई?”

तेवढ्यात नळावरून वत्सलाबाईंनी सरपंचांना धारेवर धरलं. इतकं गोड भांडण मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं. तीन वर्षं ते मीच अडवून ठेवलं होतं.