काकूने बुजवलेली पळवाट

आमची काकू एकोणीस वर्षं 'नाही' म्हणायच्या नोकरीत होती. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत ती वकील. एखाद्या बँकेने नवीन काही काढलं की कागद काकूच्या टेबलावर यायचे आणि काकू त्यांवर 'तूर्त परवानगी देता येत नाही' असं लिहायची. घरीही तीच भाषा. मी सायकल मागितली तेव्हा म्हणाली, "तत्त्वतः हरकत नाही." मी त्या दिवसापासून चालतोय.

सेहेचाळीसाव्या वर्षी तिने ही नोकरी सोडली आणि एका कूटलेखनाच्या कंपनीत, गिऱ्हाइकं मिळवायच्या कामावर गेली. कूटलेखन म्हणजे माहिती कुलपात ठेवायची, कोणाला दाखवायची नाही, आणि तरीही ती खरी आहे हे पटवून द्यायचं.

"म्हणजे मार्क न दाखवता मी पास झालोय हे सिद्ध करता येईल?" मी विचारलं.

"येईल. पास होणं ही मात्र पूर्वअट आहे," काकू म्हणाली.

काकांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तू आणि विक्री? माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाला सांगतेस, जुना चष्मा अजून वर्षभर चालेल."

"चालणार होता," काकू म्हणाली. मग थोडं थांबून, "एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टी थांबवल्या. एक तरी सुरू करून बघायची आहे." हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की काकांनी कपाळावरचा हात काढला.

कंपनीच्या मालकाचं नाव आम्ही 'फटाफट' ठेवलं होतं. काकू कामाचे फोन स्पीकरवर ठेवते, साक्षीदार असावेत म्हणून. त्यामुळे तो आम्हाला तोंडपाठ होता. "मॅडम, फटाफट बँकांची यादी करा, फटाफट भेटू, फटाफट सही." सहा महिने चाचणीचे. सहाव्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत एक गिऱ्हाईक, नाहीतर नमस्कार.

पहिल्याच आठवड्यात काकू त्याला फोनवर म्हणाली, "मी बँकांशी बोलू शकत नाही."

"घसा बसलाय का?"

"नियम आहे. आमच्या कचेरीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याने दोन वर्षं कुठल्याही बँकेशी धंद्याचं बोलायचं नाही. अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी हे कळवलं होतं."

"मॅडम, तिसरा परिच्छेद कोण वाचतं? कुठल्या गाढवाने केला हा नियम?"

"मी," काकू म्हणाली.

फटाफटने फटाफट फोन ठेवला.

खास बाब म्हणून सूट द्यायचा अधिकार वरिष्ठांना असावा, असं एक वाक्य मूळ मसुद्यात होतं म्हणे. तेही काकूनेच खोडलं होतं. "लोक गैरफायदा घेतात," ती आम्हाला समजावून सांगत होती. आई म्हणाली, "वहिनी, घ्या की थोडासा."

मग चार महिने काकू स्वतःचाच नियम घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायची. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. एका शनिवारी तिने पेन्सिल खाली ठेवली. पळवाट सापडली होती. नियमात 'बँक' म्हटलं होतं. बँकांची जी संघटना असते ती काही बँक नव्हे. संघटनेशी बोललेलं चालत होतं. फटाफट तर फोनवर गायलाच लागला. मंगळवारची भेट ठरली. काकांनी तिच्यासाठी नवी बॅग आणली.

रविवारी दुपारी काकू लिहीत बसली होती. मला वाटलं, भेटीची तयारी.

"जुन्या कचेरीला पत्र लिहितेय," ती म्हणाली. "नियमात फट राहिली आहे. सुधारित शब्दरचना जोडली आहे."

काका चहा पीत होते. त्यांनी कप अगदी हळू खाली ठेवला. "पत्र बुधवारी टाकलंस तर?"

"म्हणजे आधी फटीतून जायचं आणि मग ती दाखवायची?"

"सगळं जग तेच करतं."

"म्हणून तर मला नोकरी होती."

पळवाट सापडल्यावर काय करायचं, हे तिला एकच माहीत होतं: बुजवायची. मंगळवारची भेट तिने स्वतःच रद्द केली. फटाफट ओरडलासुद्धा नाही. नुसता म्हणाला, "मॅडम, मी तुमच्यापुढे हात टेकले." जुन्या कचेरीतून आठ दिवसांत उत्तर आलं: आभारी आहोत, सूचना विचारार्थ नोंदवली आहे, आणि परत यायचं असल्यास मसुदा विभागात एक जागा रिकामी आहे. आई, काका, मी, तिघांचंही एकमत झालं. परत जा. काकूने पत्र घडी करून पाकिटात घातलं आणि म्हणाली, "तत्त्वतः हरकत नाही."

बँका गेल्या, तेव्हा तिने बँक नसलेलं जग धुंडाळायला घेतलं. शहरात दोन रुग्णालयं होती. दोन्हींना एकाच आजाराचे एकूण रुग्ण मोजायचे होते. पण एकमेकांना नावं दाखवायची नव्हती आणि दोन्हीकडे जाणारा माणूस दोनदा मोजला जायला नको होता. काकू कंपनीच्या इंजिनियरला घेऊन गेली. हा पोरगा प्रत्येक वाक्य 'ॲक्चुअली'ने सुरू करतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपवतो.

मोठ्या रुग्णालयाच्या अधीक्षक बाईंनी विचारलं, "नावं फुटायची शक्यता शून्य ना?"

"ॲक्चुअली..." इंजिनियर म्हणाला.

"शून्य नाही," काकू म्हणाली. "तुमच्या कारकुनाने पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलाय. तो आधी काढा."

बाईंनी उठून कागद ओढून काढला. "बाकीचे विक्रेते माझ्या साडीचं कौतुक करतात," त्या म्हणाल्या. पण करार पाठवा, असंही म्हणाल्या. धाकटं रुग्णालय त्यांच्या सहीमागे सही करायला तयार होतं.

करार कंपनीचा, छापील. सत्तावीस तारखेला काकूने तो वाचला आणि नवव्या कलमावर अडकली. नावं फुटलीच तर कंपनी जबाबदार नाही, असं त्यात होतं. तिने ते उलटं केलं: कंपनी जबाबदार. फटाफटने फोनवर गयावया केली, "मॅडम, एकदा तरी आपल्या बाजूने वाचा." शेवटी म्हणाला, "ठेवा. पण फटाफट."

आणि तिथेच घोडं अडलं. रुग्णालयाच्या वकिलाला हे काही पचेना. आपल्याच गळ्यात दोरी घालून घेणारी कंपनी त्याने जन्मात पाहिली नव्हती. "यात काहीतरी डाव आहे," असं म्हणून तो अख्खा करार पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसला. अठ्ठावीस गेली, एकोणतीस गेली. तीस तारखेला काकूने त्याला एकदाही फोन केला नाही. "वाचणाऱ्याला घाई करू नये," म्हणे. काका त्या दिवशी दुकानातून पाच वेळा घरी येऊन गेले.

सही दोन तारखेला झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू मात्र उभ्या उभ्याच हिशेब करत होती. "मुदत तीसला संपली. म्हणजे सही केली तेव्हा मी कंपनीची नव्हतेच."

तिने फटाफटला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी काही बोललोय का? मुदतवाढ दिली, आजच, मागच्या तारखेने."

"मागची तारीख घालता येत नाही."

"मग मी काय करू? सांगा, तुम्हीच सांगा."

तिने सांगितलं. तीन तारखेचं नवं नेमणूकपत्र त्याने काढलं, आणि दोघं मिळून पुन्हा रुग्णालयात गेले, पुन्हा सही करायला. तिथल्या वकिलाचा संशय आता पक्काच झाला. त्याने सगळी पानं पुन्हा उलटली. अधीक्षक बाईंनी त्याच्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, "करा हो. इतका कंटाळा आणणारी माणसं फसवत नाहीत."

पुढच्या आठवड्यात दोन्हीकडचे आकडे जुळवायचा दिवस आला. इंजिनियर रुग्णालयातून, काकू घरून, फोन स्पीकरवर. आम्ही सगळे टेबलाभोवती.

"ॲक्चुअली," तो म्हणाला, "चारशे अठरा."

"दोनदा कोणी नाही?"

"नाही."

"नाव कोणाला दिसलं नाही?"

"नाही."

"म्हणजे सुरू झालं?"

"हो, मॅडम. सुरू झालं."

काकूने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आम्ही वाट बघत होतो.

"बरं," ती म्हणाली. "तसं लेखी पाठवा."