एकमेकींचे तळवे

विनायकभाऊ गेल्याचं मला माझ्या धाकट्या जावेकडून, शांताकडून कळलं. आम्हा दोघींच्या साखरेच्या गोळ्या आणायला ती जुन्नरला गेली होती. रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि ओसरीवर बसून राहिली. "मेडिकल बंद हाये," म्हणाली. मी म्हटलं, "मग उद्या जा." त्यावर ती म्हणाली, "उद्याबी बंदच, अक्का. भाऊ गेले..." महिना होत आला त्याला.

भाऊंचं औषधाचं दुकान जुन्नरच्या बाजारातल्या बोळात. नव्वदच्या दशकात मला मधुमेह निघाला तेव्हा मी चाळिशीची होते, अंगानं भरलेली आणि अकलेनं रिकामी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांसोबत जगायचं कसं, ते शिकवलं भाऊंनी. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की आम्हा साखरवाल्यांना बाकावर बसवायचे. भाकरी किती, भात किती, नखं कशी कापायची... आणि घरच्या घरी लघवी कशी तपासायची. बोटाला टोचायचं यंत्र तेव्हा आमच्यात कुणाकडेच नव्हतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर छान. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर साखर चढती, आणि विटकरी झालं तर तडक डॉक्टरकडे. जो रंग येईल तो रोज वहीत लिहायचा.

असले उद्योग कोण करणार? मी नळी फडताळात ठेवली आणि महिनाभर 'निळा, निळा' लिहीत राहिले. लिहिताना तोंडात गुळाचा खडा असायचा, हेही सांगून टाकते. आता कोण रागावणार आहे!

भाऊंनी वही चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वैनी, आभाळसुद्धा महिनाभर एवढं निळं नसतं. पुढच्या खेपेला बाटलीत नमुना आणा, इथंच बघू."

आली का पंचाईत! पण माझं डोकं भलत्याच ठिकाणी चालायचं. शांता माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, काडीसारखी, गोडाला कधी न शिवणारी. वर्षभरात तर आणखीच वाळली होती, आणि मी तिच्या त्या बारीक अंगावर जळायचे. साखर होते ती जाड्या माणसांना, गोडघाशांना, हे माझं तेव्हाचं वैद्यकशास्त्र. तिला म्हटलं, "एवढी बाटली भरून दे गं, मला पास व्हायचंय." ती हसून हसून लोळली. "अक्का, आता मुताचीबी कॉपी करता व्हय?" पण दिली.

दुकानाच्या मागच्या खोलीत भाऊंनी नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी निकाल माहीत असलेल्या हुशार पोरीसारखी बसलेली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं... आणि बघता बघता कौलासारखं लाल. भाऊंचा चेहरा बदलला. "वैनी, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चला. पायाला कुठं जखम हाये का?"

जखम म्हटल्यावर मला शांता आठवली. कांदे काढताना तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला खुरपं लागलं होतं आणि दीड महिना ती त्यावर हळद दाबत होती. गप्प बसले असते तर माझी अब्रू राहिली असती...

"भाऊ, ते माझं न्हाई."

"मग कुणाचं?"

सांगितलं सगळं. वाटलं, आता फाडफाड बोलतील. ते म्हणाले, "कॉपी केलीत ते बरं झालं म्हणायचं. आता पुढची एस.टी. पकडा आणि त्यांना आजच घेऊन या."

करंगळी गेली, पाय राहिला. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं, पण मी ते अजून कुणाला सांगत नाही.

शांता चालायला लागल्यावर भाऊंनी दोघींना बाकावर बसवलं. या आजारात पाय बधिर होतात, काटा मोडलेला कळत नाही. म्हणून रोज तळवे बघायचे. "स्वतःचे दिसत न्हाईत, तर एकमेकींचे बघा." शांता लगेच हो म्हणाली. मी ताठ. "ती माझ्या पाया पडते, भाऊ. मी थोरली, मी तिचा पाय मांडीवर घेऊ? लोक काय म्हणतील?" दुकानात गिऱ्हाईक उभं असताना भाऊ खाली फरशीवर बसले, माझी चप्पल काढली, आणि माझा मातीनं भरलेला पाय पांढऱ्या विजारीवर घेऊन बोटांच्या बेचक्या बघायला लागले. "भेगा लई हायेत, वैनी. खोबरेल लावत जा. पण बोटांच्या मधे नको."

त्याच दिवशी घरी येऊन मी शांताचा पाय मांडीवर घेतला. ती रडायला लागली. मी म्हटलं, "हलू नगं गं, मला दिसंना झालंय." खरं तर माझ्याच डोळ्यांत पाणी होतं.

परवा दोघी मिळून भाऊंच्या घरी जाऊन आलो. सुमनताई, भाऊंच्या पत्नी. त्यांनाही आठ-दहा वर्षं साखर. बिनसाखरेचा चहा झाला, भाऊंच्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता त्या थांबल्या आणि आपल्या पायांकडे बघत म्हणाल्या, "हे रोज जेवणाआधी माझे तळवे बघायचे. मला वाकता येत न्हाई. महिना झाला... कुणी बघितलेच न्हाईत."

मी गुडघे धरत धरत खाली बसले. "अहो, हे काय, तुमी वयानं मोठ्या..." म्हणत त्यांनी पाय मागे ओढला.

"आणा इकडं," मी म्हटलं. "आणि शांते, तो दिवा लाव. नीट बघू दे."